फाटकापाशी बसलेल्या मास्तरीणबाई

सन्माननीय अध्यक्षा सत्यभामाबाई, आजचे मुख्य पाहुणे वकील भय्यासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर मंडळी, कन्याशाळेच्या शिक्षिका, आपल्या भगिनी मंडळातल्या माझ्या मैत्रिणी, मागे सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या मुली, आणि दाराजवळच्या खांबाला टेकून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती राधाबाई,

सगळ्यांना माझा नमस्कार.

तुम्ही सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. हो, त्या तिथंच आहेत. अध्यक्षीणबाईंच्या उजव्या हाताची खुर्ची त्यांच्यासाठी मांडली आहे आणि ती रिकामी आहे, हे मघापासून सगळ्यांना दिसून राहिलं आहे. आपल्या मंडळातली मीरा त्यांना बोलवायला गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "अंजनीचं सांगून होऊ दे. मग पाहू." अंजनी म्हणजे मी. तेव्हा आधी मला सांगून टाकू द्या.

खरं म्हणजे मी बोलणारी बाई नाही. मंडळाचा जमाखर्च मी ठेवते, आणि जमाखर्च ठेवणाऱ्याला भाषण करावं लागत नाही अशी माझी भोळी समजूत होती. पण या समारंभाला हार एकच आणायचा म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा आपल्या चिटणीस पद्मजाबाई म्हणाल्या, "हारात वाचवलं ना अंजनीबाई? चलो, आता शब्दांत खर्च करा." म्हणून उभी आहे. सकाळी ग्वारीघाटावर नर्मदामाईला हात जोडून आले की माझ्या तोंडून कुणाला लागेल असं काही निघू देऊ नकोस. पण लागेल असं थोडं निघणार आहे, हेही तिला सांगून आले.

राधाबाईंची ओळख या सभागृहाला करून द्यावी असं कोण आहे? तरी मुलींसाठी सांगते. फार लहान वयात कपाळ पांढरं झालं आणि त्या अमरावतीकडून जबलपूरला भावाच्या आसऱ्याला आल्या. पुढं भाऊ आणि भावजयही गेले. मागं राहिला भावाचा मुलगा दिवाकर. त्याला वाढवता वाढवता त्या स्वतः शिकल्या आणि याच शाळेत मास्तरीण झाल्या. तांबडं आलवण, डोक्यावर पदर, हातात खडू. पहिल्या दिवशी मुलींच्या आया दारातून डोकावून पाहून गेल्या म्हणतात.

मला मॅट्रिक त्यांनी केलं. माझं लग्न झालेलं, घरी सासूबाई, मांडीवर मूल. त्या संध्याकाळी येऊन चुलीपाशी बसायच्या आणि मी पोळ्या लाटत असताना इतिहासातले सन विचारायच्या. एकदा मी म्हटलं, "राधाबाई, तुमच्या पानिपतापायी माझी पोळी करपली." त्या म्हणाल्या, "करपली तर गाय खाईल व. सन चुकला तर कोण खाईल?"

अशा बाई आता यवतमाळला भाचीकडे कायमच्या चालल्या आहेत. डोळ्यांना कमी दिसतं. खडूची रेघ वाकडी जायला लागली तेव्हा त्यांनी आपणहून शाळा सोडली.

आता मानपत्राविषयी. थोड्या वेळानं ते वाचलं जाईल. पद्मजाबाईंनी सुंदर मराठीत लिहिलं आहे, त्यात शंका नाही. त्यांनी मला ते आधी वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य असं आहे: "राधाबाई प्रसिद्धीपासून सदैव दूर राहिल्या, प्रभातफेरी असो वा मिरवणूक, त्या नेहमी सर्वांच्या मागे चालल्या." मी पद्मजाबाईंना म्हटलं, हे वाक्य काढा. त्या म्हणाल्या, "काहून? खोटं आहे का?" खोटं नाही. मी स्वतः पाहिलं आहे. मिरवणूक गोलबाजारातून निघायची आणि राधाबाई अगदी शेवटी, टांगेवाल्यांच्या पुढे. हळदीकुंकू असलं की मागच्या दारानं निघून जायच्या. नव्या वर्गाचं उद्घाटन असलं की त्या दिवशी नेमका त्यांचा उपवास निघायचा. आपण सगळे म्हणायचो, किती विनम्र बाई! पण भगिनींनो, माणूस मागं चालतो तो नेहमी विनयानंच चालतो का? हा प्रश्न आपण कधी विचारला का? त्या कायदेभंगाच्या उन्हाळ्यापर्यंत राधाबाई सगळ्यांच्या पुढं चालत असत, हे आपण कसं विसरलो?

तो उन्हाळा मुलींना आठवत नसेल. शहरातली किती तरी घरं पुरुषांवाचून रिकामी झाली होती. भय्यासाहेब आत होते. दिवाकर आत होता. कॉलेजातलं पोर, गळा गोड, फेरीत पहिलं कडवं तोच उचलायचा. मग रस्त्यावर बायका उतरल्या. रोज सकाळी गोलबाजारात जमायचं, गाणी म्हणायची, विलायती कापडाच्या दुकानांपुढं हात जोडून उभं राहायचं. पोलीस आपले काठ्या टेकून उभे. म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर जावं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचा हवालदार आम्हांला म्हणायचा, "माताजी, अब घर जाओ, हमारी भी नौकरी है." राधाबाई त्याला म्हणायच्या, "भैया, हमारी भी है."

अशातच बातमी आली की आपली माणसं जबलपूरच्या तुरुंगातून हलवून लांब कुठं तरी नेणार. इथं होती तोवर महिन्यातून एकदा भेट होती, घरचा निरोप जात होता, कुणाला ताप आला तर कळत होतं. लांब नेलं की संपलं. तेव्हा मिरवणूक सदर बाजाराकडच्या छावणीच्या रस्त्यानं न्यायची असं ठरलं. तो रस्ता सरकारला नाजूक. गोरी पलटण तिथं. आणि मग प्रथमच जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबांचा निरोप आला, की बोलू या.

हा निरोप आला तो राधाबाईंमुळं. त्या वर्षी साहेबांच्या मडमेला हिंदी शिकायचं होतं, आणि ती मोटारीतून शाळेत येऊन राधाबाईंपाशी शिकत असे. राधाबाई बंगल्यावर कधी गेल्या नाहीत. सोवळ्यात बसत नव्हतं. पण मडमेच्या मनात त्यांच्याविषयी फार आदर. उन्हाळ्यात ती पचमढीला गेली, आणि जाताना नवऱ्याला सांगून गेली की या बायकांशी बोलायचं झालं तर त्या मास्तरीणबाईशी बोल, ती शब्दाची पक्की आहे. साहेबांचा निरोप असा होता: मास्तरीणबाईंनी यावं, बरोबर बायका आणाव्यात, पण पाचांहून जास्त नकोत.

साहेबांनी पाच म्हटलं ते गर्दी नको म्हणून. पण आपल्या बायकांत पाच म्हटलं की काय होतं ते मी सांगायला हवं का?

सत्यभामाकाकू, घंटी वाजवू नका. अजून थोडं राहिलं आहे.

पाच म्हटल्याबरोबर पाच सवाष्णी ठरल्या. कुणी ठरवल्या असं नाही, त्या ठरूनच गेल्या. काम शुभ, माणसं सुखरूप परत यायची आहेत, तेव्हा भरल्या कपाळाच्या बायका पुढं हव्यात. एकीनं तर मडमेची ओटी भरायला ताटात नारळ आणि खण घेतला. मडम पचमढीला! सत्यभामाकाकू वडीलधाऱ्या, भय्यासाहेब त्यांचे यजमान, म्हणून त्या सर्वांत पुढं. मीरा सगळ्यांत लहान, नव्यानंच लग्न झालेली, ती मागं. आणि राधाबाई? त्यांना कुणी नको म्हटलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. कुणाला तशी वेळच आली नाही. त्याच म्हणाल्या, "शुभकामाला माझा पाय कशाला? मी तुम्हांला सगळं पढवून देते." आणि सगळ्यांना बरं वाटलं. कुणी "चला" म्हटलं नाही.

मग त्यांनी पाचजणींकडून हिंदीत घोकून घेतलं, मुलींकडून कविता पाठ करून घ्यावी तसं. माणसं इथंच ठेवा. महिन्याची भेट चालू ठेवा. आजाऱ्याला घरचं औषध पोचू द्या. मीराला तर त्यांनी 'औषध' शब्दासाठी दोनदा थांबवलं. ती 'दवाई' म्हणताना लाजत होती.

मी त्या पाचांत नव्हते. माझ्या सासरच्या भाऊबंदांत एक म्हातारे वारले होते आणि मला सुतक होतं. तरी रस्त्यानं चालायला सुतक आड येत नाही म्हणून मी बंगल्यापर्यंत गेले. तर फाटकाबाहेर चिंचेखाली आम्ही दोघी बसलो, राधाबाई आणि मी. आत पाचजणी गेल्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज पार व्हरांड्यापर्यंत ऐकू गेला.

राधाबाईंना गप्प बसवेना. मला म्हणाल्या, "अंजनी, तू काहून बाहेर बसली? साहेब काय देव आहे, सुतकात शिवता येत नाही म्हणून?"

मी म्हटलं, "मग तुम्ही काहून बसल्या?"

त्यांनी पदर कपाळावर आणखी पुढं ओढला.

फाटकावर नथ्थू नावाचा चपराशी होता. ऊन फार होतं. तो दोनदा आमच्याकडे पाहून गेला, मग म्हणाला, "माई, इधर को सरक जाओ, छाँव आगे बढ़ गई है." राधाबाई सरकल्या. त्यानं लोटाभर पाणी आणून ठेवलं. त्यांचा आचार कडक, त्या प्यायल्या नाहीत. पदर भिजवून डोक्यावर घेतला. मी मात्र घटाघटा प्याले. म्हटलं, सुतक आहेच, आणखी काय बाटणार? त्या हसल्या. त्या दिवसातलं तेवढंच हसू. नथ्थूनं विचारलं, "किसके संग आई हो, माई?" राधाबाईंनी बंगल्याकडे हात केला. "उन्हीं के संग."

आत काय झालं ते मला मीरानं पुष्कळ दिवसांनी सांगितलं, आणि मी विचारल्यावर काकूंनीही लपवलं नाही; राधाबाईंपर्यंत मात्र ते कुणी नेलं नाही. पाचजणींनी पाठ केलेलं सगळं नीट म्हटलं. साहेबानं मुन्शीकडून ऐकून घेतलं, मान हलवली. मग त्यानं असा एक प्रश्न विचारला जो घोकून घेतलेल्यात नव्हता. माणसं इथं ठेवली तर मिरवणूक छावणीच्या रस्त्यावर येणार नाही, असा शब्द कोण देईल?

पाचहीजणी एकमेकींकडे पाहू लागल्या. काकू म्हणाल्या, "पूछकर बताएँगे."

साहेबानं विचारलं, "किससे?"

काय सांगणार? आमची शब्द देणारी बाई बाहेर झाडाखाली बसली आहे, कारण तिच्या कपाळाला कुंकू नाही, हे परक्या पुरुषाला, मुन्शीच्या तोंडून, हिंदीत, कसं सांगणार? तुम्ही सांगितलं असतं? मी सांगितलं असतं? साहेबानं पुन्हा विचारलं, "वो मास्टरनी बाई किधर है?" आणि कुणीतरी खाली पाहून म्हणालं, "वो नहीं आईं."

साहेब उठला. आदबीनं उठला, असं मीरा म्हणते. "अच्छा. हम सोचेगा," म्हणाला. पाचजणी बाहेर आल्या, नारळ तसाच ताटात. काकू राधाबाईंना म्हणाल्या, "सोचेगा म्हणाला. सरकार सोचतेच." आम्ही आपापल्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आपली सगळी माणसं हलवली. स्टेशनवरही कुणाला पोचता आलं नाही. त्यानंतर आम्ही निरोप पाठवत राहिलो आणि उत्तर एकच येत राहिलं, की कागद नागपूरला गेला आहे.

भय्यासाहेब देवदयेनं धडधाकट परत आले. दिवाकरही परत आला, पण तसा नाही. तिकडच्या ओलीत त्याची छाती गेली होती. तापाची खबर इकडं यायला इतके दिवस लागले की राधाबाईंनी केलेला काढा बाटलीतच राहिला. परत आल्यावर जिना चढताना तो मधल्या पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, "आत्या, जरा नजारा पाहून राहिलो." दोन भिंतींच्या मधला जिना. कसला नजारा? पुढच्या श्रावणात तो गेला.

आता मी ती गोष्ट सांगते जी आपण बायकांनी इतकी वर्षं मोठ्यानं म्हटली नाही. माणसं हलवली त्याच आठवड्यात नळावर कुणीतरी म्हटलं, "काम व्हायचंच होतं हो. पण राधाबाई फाटकापर्यंत गेल्या होत्या म्हणे." ज्यांनी म्हटलं त्या आज नाहीत, मी नाव घेणार नाही. ते बोलणं एका घागरीबरोबर सगळ्या आळीत गेलं, आणि राधाबाईंच्या कानावर पोचलं. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते मानलं. दिवाकर गेला त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "अंजनी, मी फाटकापर्यंत तरी काहून गेली?" माझं सुतक दहा दिवसांनी फिटलं होतं. त्यांचं फिटायची काही सोय आपण ठेवली होती का?

तेव्हापासून त्या मागं चालतात. म्हणून पद्मजाबाई, ते वाक्य काढा.

आता थोडं अलीकडचं सांगते. या सत्राच्या सुरुवातीला मंडळाच्या चटया घ्यायला मी शाळेत गेले होते. ओसरीवर एक म्हातारा नातीचं नाव शाळेत घालायला तिला घेऊन आलेला. मला म्हणाला, "बाई जी, यहाँ की मास्टरनी बाई कौन हैं? बड़ा नाम सुना है." मी बोट दाखवलं. राधाबाई वर्गात पाट्या तपासत होत्या, पाटी अगदी डोळ्यांजवळ धरून. म्हातारा पाहतच राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ये? ये तो वो चिंच... वो इमली वाली माई हैं!" मी त्याच्याकडे नीट पाहिलं तेव्हा ओळखलं. नथ्थू होता.

'चिंच' हा मराठी शब्द त्यानं आमच्याकडून त्याच दिवशी उचलला होता की काय, कोण जाणे. मग त्यानं नातीला ओसरीच्या पायरीवर बसवलं. म्हणाला, त्या दिवशी पाचजणी आत असतानाच साहेब व्हरांड्यात आला. फाटकाकडे पाहून त्यानं विचारलं, झाडाखाली कोण बसलं आहे? नथ्थूनं सांगितलं, कोई बेवा माई है, साहब, साथ में चली आई है. आम्ही गेल्यावर साहेबानं नथ्थूला हुकूम दिला: मास्टरनी बाई संध्याकाळपर्यंत केव्हाही आली तर सरळ आत आण, कागद टेबलावर आहे. नथ्थू दिवे लागेपर्यंत फाटकावर उभा राहिला. त्याला वाटत होतं मास्टरनी बाई म्हणजे छत्री, बूट, मिशनच्या बाया असतात तशी कुणी येईल. "और वो तो मेरे सामने बैठी थीं, बाई जी. मैंने ही छाँव में सरकाया था."

साहेब काही आपला सोयरा नव्हता. राधाबाई आत गेल्या असत्या तर त्यानं सही केलीच असती, असं मी देवासमोर शपथेवर सांगणार नाही. सरकार ते सरकार. पण बोलणी अडली ती राधाबाईंच्या पावलानं अडली नाहीत. ते पाऊल फाटकाच्या आत पडलं नाही म्हणून अडली. एवढं मात्र मी शपथेवर सांगते.

हे त्यांना सांगावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. देवापुढं बसले तरी तेच. वाटायचं, सांगितलं तर डोक्यावरचं एक ओझं उतरेल. मग वाटायचं, उतरेल आणि दुसरं चढेल. दिवाकरला वाचवता आलं असतं, हे ओझं त्याहून जड. शेवटी त्या कायमच्या चालल्या असं ठरलं तेव्हा परवा गेले. त्या पितळी भांडी जुन्या लुगड्यात बांधत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या एकच गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पावलानं काही बिघडलं नाही."

मी म्हटलं, "नाही."

"मी ते टाकलं नाही म्हणून बिघडलं."

खोटं बोलून त्यांना निरोप द्यावा असं मला वाटलं नाही. त्यांनी डोळे पुसले नाहीत, गाठ घट्ट केली, आणि म्हणाल्या, "हे बरं आहे पण. अपशकुनाचं काही करता येत नाही, अंजनी. चुकीचं करता येते. चूक दुसऱ्याला सांगता येते." मग एकदम मास्तरीणबाईंच्या आवाजात विचारलं, "सोमवारी कचेरीत कोण चालल्या?"

सभागृहाला माहीतच आहे, मुलींचे वरचे वर्ग बंद करू नयेत म्हणून आपण महिनाभर कचेरीपुढं बसलो. आता प्रांताचा कारभार आपल्याच माणसांकडे आला आहे, तरी उत्तर तेच मिळतं, कागद नागपूरला गेला आहे. शेवटी सोमवारी शिष्टमंडळाला बोलावणं आलं. मी राधाबाईंना नावं सांगितली. त्यांनी विचारलं, "मीरा?"

मी म्हटलं, "मीरा अर्ज लिहून देणार आहे. सगळी माहिती तिलाच आहे."

मीराचे यजमान गेल्या वर्षी गेले, हे आपण जाणताच. राधाबाई हसल्या. तसं हसू मला आवडत नाही. म्हणाल्या, "लिहून देणार, आणि फाटकापाशी बसणार. झाड आहे का तिथं? सावली पाहून बसवा बाप्पा तिला."

काल मी सत्यभामाकाकूंकडे गेले. म्हटलं, हे मी उद्या सभेत बोलणार आहे, तुमच्यासमोर बोलू की नको? काकू बराच वेळ जपमाळ ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "समोर बोलणार ना? मग बोल. पाठीमागं फार झालं." इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही, पण त्या सुटलेल्या गाडीत त्यांचंही माणूस होतं. त्यांनी काल जे म्हटलं त्याबद्दल मी त्यांना इथूनच नमस्कार करते. त्या पाहा, काकूंनी घंटी टेबलाखाली ठेवून दिली.

राधाबाईंनी शाल नको म्हटलं आहे. नारळ नको, थैली तर नकोच. त्यांची मागणी दोनच गोष्टींची आहे आणि ती सभेपुढं ठेवण्याचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं आहे. सोमवारी कचेरीत मीरानं सगळ्यांच्या पुढं चालावं, आणि जो प्रश्न घोकून घेतलेला नसेल त्याला तिनं उत्तर द्यावं. आणि उद्या सकाळी त्यांचा टांगा स्टेशनाकडे निघेल तेव्हा त्यांना सामोरी मीरानं यावं. दुसऱ्या कुणी नाही. आपण बाकीच्या मागं उभ्या राहू. मागं कसं उभं राहायचं ते त्यांनी आपल्याला इतकी वर्षं दाखवलं आहे.

मीरा, खाली पाहू नकोस व. 'दवाई' म्हणताना लाजत होतीस, ते दिवस गेले.

मी पूजाअर्चा करणारी बाई आहे. सवाष्णीचा मान मी मानते, माझ्या घरी तो होतो आणि होत राहील. पण ज्या देवाला मी रोज हात जोडते त्यानं राधाबाईंना फाटकाबाहेर बसवलं असतं, असं मला कितीही पोथ्या वाचून पटत नाही. यापेक्षा जास्त मला बोलता येत नाही.

अध्यक्षीणबाईंनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं, भय्यासाहेबांनी आपल्या घरची गोष्ट चारचौघांत शांतपणे ऐकून घेतली, पद्मजाबाई मानपत्रातलं एक वाक्य खोडायला तयार आहेत असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतं, आणि मागच्या मुलींनी एवढा वेळ गडबड केली नाही, या सगळ्यांची मी ऋणी आहे. वडीलधाऱ्यांसमोर बोलताना कुठं पायरी सुटली असेल, गेलेल्यांविषयी कमीजास्त शब्द गेला असेल, तर लेकीचं बोलणं म्हणून पोटात घाला.

माझं सांगून झालं आहे, राधाबाई. खुर्ची रिकामी आहे.